रुमालांतील वारसा

पूर्वजांनीं मागें ठेवलेली वस्तु जपणें आणि तिचा वारसा घेणें ह्या दोन गोष्टी आपण बहुधा एकच समजतों. वस्तुतः त्या भिन्न आहेत. पेटींतला दागिना न वापरतां पडून राहिला तरी त्याचें मोल उणें होत नाहीं. पेटींतलें पत्र वाचणारा घरांत उरला नाहीं, म्हणजे मात्र तें असून नसल्यासारखें होतें. महाराष्ट्रांतील मोडी कागदांची गेल्या दोनशें वर्षांतली कहाणी हा भेद स्पष्ट करून दाखविते.

देशपांडे, कुळकर्णी, इनामदार इत्यादि घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या दप्तरें सांभाळलीं, तीं इतिहासाच्या प्रेमानें नव्हे. सनद, महजर, वाटणीपत्र हे त्यांच्या उपजीविकेचे आधार होते. हक्काचा तंटा उपस्थित झाला, कीं रुमाल सोडावा, कागद काढावा आणि गोतसभेपुढें वाचून दाखवावा. ह्या गरजेपोटीं दप्तर मुलाच्या हातीं जाण्यापूर्वीं मोडी त्याच्या हातीं बसलेली असे. कागद आणि तो वाचण्याची विद्या हीं एकत्रच पुढच्या पिढीकडे जात.

१८१८ त पेशवाई संपली. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, इनामांची छाननी झाली व दाव्यांचे निकाल लागले. ज्या कागदांवर घरें चालत होतीं त्यांची व्यवहारांतील किंमत हळूहळू उतरली. मग कोठें माळ्यावर, कोठें कणगींत, वाळवीच्या व पावसाच्या स्वाधीन होऊन दप्तरें पडून राहिलीं. कित्येक रद्दींतही गेलीं.

ही हानि ज्यांच्या मनास लागली, त्यांनीं कागदांस नवें प्रयोजन दिलें. १८७८ त निघालेल्या 'काव्येतिहाससंग्रह' मासिकानें वाट पाडली. १८९८ त विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढें गांवोगांव हिंडून ती माला बावीस खंडांपर्यंत नेली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरावर अशीच तपश्चर्या करीत होते. १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. एका घराच्या हक्काचा कागद सबंध समाजाच्या मालकीचा झाला, हें ह्या मंडळींचें खरें कार्य होय. कागदावांचून विधान करूं नये, ही शिस्त त्यांनीं आपल्या मागें ठेविली. खंडांइतकाच हाही वारसाच आहे.

ह्या कागदांतून काय मिळतें? एक साधा कालनिर्देशच घ्या. 'इहिदे सितैन मया व अलफ' हें अरबी शब्दांनीं लिहिलेलें शुहूर सन ११६१. पानिपतचा संग्राम ज्या वर्षांत झाला तें १७६०-६१ चें साल. हिंदु कारकुनानें मराठी पत्रावर घातलेला हा अरबी सन, आणि तो बदलावयाचा मृगाबरोबर, शेतकऱ्याच्या पेरणीच्या वेळीं! आपली संस्कृति किती प्रवाहांनीं घडली, हें सांगावयास ह्याहून मोठें व्याख्यान नको. महजर पाहावा, तर त्यावर निरक्षर पाटलाचा नांगर साक्षीदार म्हणून उमटलेला असतो. त्याच दप्तरांत वेठबिगार आहे, जातिबहिष्कार आहे, गोरगरिबांच्या कागाळ्याही आहेत. वारसदारानें सनद तेवढी उचलावी आणि कर्ज टाळावें, हें न्यायाचें नव्हे. जो मूळ कागद वाचतो त्याला दोन्ही दिसतात; जो वाचूं शकत नाहीं त्याला कोणीही उठून त्याच्या पूर्वजांची हवी ती कथा सांगावी, आणि त्यानें ती मानावी!

आणि येथेंच आजची अडचण आहे. छापखान्यानें बाळबोधीस जवळ केलें, विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनही मोडी गेली. पुण्याच्या पुरालेखागारांत, मंडळांच्या कपाटांत आज लक्षावधि कागद सुरक्षित आहेत; कित्येकांच्या प्रतिमाही यंत्रांत साठविल्या गेल्या आहेत. राजवाड्यांच्या काळीं वाचणारे पुष्कळ होते आणि कागद नाहींसे होत होते. आज कागद राहिले आहेत आणि वाचणारे विरळा झाले आहेत. पहिली हानि डोळ्यांस दिसत असे, दुसरी दिसतही नाहीं, म्हणून ती अधिक घातक.

उपाय अवघड नाहीं. मोडीचीं अक्षरें ओळखूं येण्यास कांहीं आठवडे पुरतात. जुने शब्द, सन व वळणें अंगवळणीं पडण्यास मात्र वर्षें लागतात. शिकविणारे अद्याप आहेत, वर्गही चालतात. प्रत्येकानें संशोधक व्हावें असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु ज्या घरीं जुना रुमाल आहे, त्या घरच्या एका तरी मुलानें अगर मुलीनें ही लिपि शिकावी, इतकी अपेक्षा अवाजवी खास नव्हे. मुलांस घराण्याचा अभिमान शिकविणें सोपें आहे. त्या घराण्याचा कागद वाचावयास शिकविणें हें वडिलांचें खरें देणें होय.