‘ढ’ कोण ठरवतं?

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण चटकन ‘ढ’ म्हणून मोकळ्या होतो. जुनी माणसं सांगतात, ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसंच राहिलं. म्हणून जो सुधारत नाही तो ‘ढ’. अक्षराचं सोडा, पण मुलाचं खरंच तसं असतं का?

मुंबईच्या लालबागचं बघा. हा गिरण्यांचा भाग. कोकणातून, घाटावरून आलेली कामगार कुटुंबं इथल्या चाळींत राहिली. पोरगा वाचनात अडकला, नापास झाला, की घरचे म्हणायचे, “नाही शिकला तर गिरणी आहेच.” तो बदली कामगार म्हणून लागायचा. साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवायला हाताची नि नजरेची हुशारी लागते. शाळेत ‘ढ’ ठरलेला पोरगा तिथे तरबेज व्हायचा. मग तो ‘ढ’ कसा?

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली आणि ही वाट बुजली. आता साध्या नोकरीलाही दहावी विचारतात. वाचता न येणाऱ्या मुलाने जायचं कुठे?

याचं उत्तर शोधायला जगालाही वेळ लागला. इंग्लंडमधल्या डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६मध्ये एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, गणितात चांगला, पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरं उलटसुलट करायचा. त्यानंतर १०० वर्षांनी, १९९६मध्ये, अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने घेतला. जादा वेळ, लेखनिक, गणितात सूट अशा त्या सवलती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ‘अध्ययन अक्षमता’ आली.

ही अडचण एकाच प्रकारची नसते. वाचनाची असेल तर मूल ‘कमळ’ला ‘मकळ’ वाचतं, ‘घ’ आणि ‘ध’मध्ये गोंधळतं. याला डिस्लेक्सिया म्हणतात. लेखनाची असेल तर तोंडी उत्तर बरोबर येतं, पण वहीत काना-मात्रा गळतात. गणिताची असेल तर हातचा कळत नाही, लहान-मोठी संख्या उमगत नाही. आपण ‘बावन्न’ म्हणताना आधी दोन उच्चारतो, म्हणून पहिलीतलं कुठलंही मूल ५२चे २५ लिहील. पण चौथी-पाचवीतही तेच होत राहिलं तर लक्ष द्यायला हवं. एकाच मुलात दोन अडचणीही असू शकतात. यात बुद्धी कमी नसते.

आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग शाळेतल्या बाईंशी बोला. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना सांगा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. पक्कं निदान साधारण आठव्या वर्षापासून होतं, सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्रही मिळतं. गोळी-औषधाने हे जात नाही. वेगळ्या पद्धतीने, रोज थोडं थोडं शिकवल्याने फरक पडतो.

पुढच्या गटाच्या बैठकीत हा विषय काढा. मारून, कोंडून अक्षर येत नाही. आणि आजपासून घरात ‘ढ’ हे अक्षर फक्त ढगातलं राहू द्या.