पाठ टेकली की नाही? पंचांची नजर आणि वादग्रस्त निर्णय

अहिल्यानगर येथे २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागातील अंतिम कुस्तीत पंचांनी शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला आणि पृथ्वीराज मोहोळ याला विजयी घोषित केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रीकरण तपासा, अशी राक्षेची मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा संतापाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली. त्यानंतर मोहोळविरुद्धच्या किताबी लढतीत महेंद्र गायकवाड हाही निर्णयावर नाराज होऊन आखाड्याबाहेर निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथेचे समर्थन कोणी करू नये. पण खांदे टेकले होते की नाही हा मूळ प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

बुलडाणा जिल्ह्यातील कुस्तीशौकिनांना या वादाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. २०१८ मध्ये जालना येथे बाला रफिक शेख याने बुलडाण्याचे प्रतिनिधित्व करीत पुण्याच्या अभिजित कटकेवर गुणांनी मात करून महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली होती. गावच्या जत्रेतील दंगलीत गुणांचा हिशेब सहसा नसतो. मल्ल चित झाला की पाठीला माती लागते आणि ती हजारो डोळ्यांना दिसते. गादीवर असा पुरावा उरत नाही. तेथे पंचाने क्षणभरात जे पाहिले, तेच खरे.

जागतिक नियमांनुसार प्रत्येक कुस्तीला आखाड्यातील पंच, बाजूचा पंच आणि आखाडाप्रमुख असे तिघे असतात. दोन्ही खांदे गादीला टेकवून, प्रतिस्पर्धी पूर्ण ताब्यात असल्याचे पंचाला दिसेल इतका वेळ ते धरून ठेवले की कुस्ती चितपट ठरते. त्यासाठी सेकंदांचे माप नाही. गुणांच्या निर्णयाला प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो आणि मग चित्रीकरण पाहिले जाते. आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चितपटीला मात्र असे आव्हान देता येत नाही, कारण आखाडाप्रमुखाच्या संमतीनेच ती जाहीर होते, असा नियमकर्त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे ज्या निर्णयाने कुस्ती तिथेच संपते, त्यालाच दाद नाही. हा दोष नियमाचाच म्हटला पाहिजे.

अर्थात चित्रीकरणाने सर्व वाद मिटतात असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर टांग मारली आणि त्याला चार गुण मिळाले. प्रतिस्पर्धी थेट धोक्याच्या स्थितीत पडला तर चार, अन्यथा कमी गुण. ती फेक लोकांनी भ्रमणध्वनीवर शेकडो वेळा पाहिली, तरी एकमत झाले नाही. चित्र सर्वांसमोर एकच होते, त्याचा अर्थ प्रत्येकाने वेगळा लावला.

फुटबॉलने नेमकी उलट वाट धरली. तेथे व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजेच ‘व्हीएआर’, गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा या चारच प्रसंगी हस्तक्षेप करतात. म्हणजे सामना फिरविणारे निर्णयच तपासले जातात. २०१८ च्या विश्वचषकात ही पद्धत प्रथम आली आणि त्या स्पर्धेत विक्रमी २९ पेनल्टी दिल्या गेल्या. तरीही फ्रान्स-क्रोएशिया अंतिम सामन्यात पेरिसिचच्या हाताला चेंडू लागल्याबद्दल दिलेली पेनल्टी आजही वादात आहे. चेंडू हाताला लागला हे पडद्यावर दिसले, पण तो गुन्हा ठरतो की नाही हे पंचालाच ठरवावे लागले.

पंच जाणूनबुजून पक्षपात करतो, असा आरोप सिद्ध करणे अवघड असते. नकळत होणारा कल मात्र मोजता येतो. इंग्लंडमधील संशोधकांनी २००२ मध्ये ४० पंचांना एकाच सामन्यातील ४७ झटापटी दाखविल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये तिसऱ्या देशाचा पंच नेमून निदान देशप्रेमाचा संशय टाळला जातो. राज्यस्तरीय कुस्तीत ते सोपे नाही. पंच बहुधा स्वतः जुने मल्ल असतात, कोणत्या ना कोणत्या तालमीचे आणि जिल्ह्याचे असतात, आणि प्रेक्षकांना ते ठाऊक असते.

तटस्थ पंच असूनही काय होऊ शकते, हे ११ जून २०२४ रोजी दोहा येथे भारताने अनुभवले. विश्वचषक पात्रता सामन्यात छांगटेच्या गोलमुळे भारत कतारविरुद्ध आघाडीवर होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेला असतानाही तो आत ओढून मारलेला गोल दक्षिण कोरियाच्या पंचाने ग्राह्य धरला. त्या सामन्याला व्हीएआर नव्हते. भारत १-२ असा हरला आणि पात्रता फेरीतून बाहेर पडला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली. निकाल कायम राहिला.