रेडिओ, कॅसेट आणि सुरगाण्याची ताई



आमची नात समाजकार्याचा अभ्यास करते. परवा जेवताना म्हणाली, "आजोबा, ज्या पाड्यावर मोबाईलला रेंजच नाही, तिथे हे शिक्षण पोचवायचं कसं?" म्हटलं, अगं, निम्मं उत्तर १९५६ सालीच मिळालंय, तेही आपल्या जिल्ह्यात.

त्या वर्षी आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत एक प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडाची. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास कार्यक्रम. गावकऱ्यांचं मंडळ जमायचं, ऐकायचं, आणि रेडिओ बंद करून चर्चा करायचं. खरी गंमत पुढेच! संयोजक चर्चेचं टिपण आणि शंका आकाशवाणीला पाठवायचा आणि उत्तरं रेडिओवरून यायची. समाजकार्य शिकवणाऱ्या मुंबईच्या टाटा संस्थेने याची तपासणी केली. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांचं ज्ञान चांगलंच वाढलं होतं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारच थोडं. म्हणजे कमाल खोक्याची नव्हे, बैठकीची.

पुढे १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. राम ताकवले सर पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यांसाठी 'पूर्वतयारी' ही वाट त्यांच्याकडे होती. मी काही वर्षं रविवारी समंत्रक म्हणून जायचो. (मानधन विचारू नका!)

तिथे सुरगाणा तालुक्यातली एक अंगणवाडी सेविका यायची. पहाटे निघायची, दोन गाड्या बदलायची. माहितीच्या कॅसेट ती पाड्यावर बायकांना ऐकवायची आणि मध्येच बंद करून कोकणी बोलीत समजावायची. १९५६ चा प्रयोग तिला कुणी सांगितला नव्हता.

एकदा कुपोषणाचा धडा चालला होता. ती म्हणाली, "सर, आईबाप द्राक्षाच्या कामाला तुमच्याकडे निफाडला जातात, लेकरू बरोबर नेतात. चार महिने त्याचं वजन कोण करणार?"

मी म्हणालो, "ताई, हे परीक्षेला नाही. पान उलटा."

तिने उलटलं. ही माणसं ओझरच्याच मळ्यांत, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर उतरायची, हे मला ठाऊक होतं. शंका कुठे कळवावी, हे मात्र सुचलं नाही.

नातीने घास तसाच ठेवला. "मग, आजोबा, ते अजून येतात?"

येतात. छाटणीला येतात, काढणी होईपर्यंत राहतात. रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत. वजनकाटा शेजारच्या डॉक्टरांकडून मागून आणलाय.