त्सुज्यू : एका चेंडूचा साहित्यातला प्रवास

खेळाला स्वतःचा इतिहास लिहिता येत नाही. मैदान पुसले जाते, चेंडू कुजून जातो आणि मागे उरतात ती खेळणाऱ्यांविषयी इतरांनी लिहिलेली वाक्ये. ‘त्सुज्यू’ या प्राचीन चिनी खेळाचा, म्हणजे पायाने चामड्याचा चेंडू मारण्याच्या खेळाचा, मागोवा घेताना हे पदोपदी जाणवते.

त्याचा एक अगदी जुना उल्लेख सापडतो तो एका मुत्सद्द्याच्या भाषणात. युद्धमान राज्यांच्या काळातला सू छिन हा छी राज्याच्या राजापुढे त्याच्याच राजधानीचे, लिन्झचे, वैभव वर्णन करतो. वाद्ये, कोंबड्यांच्या झुंजी, कुत्र्यांच्या शर्यती यांच्याबरोबर चेंडूचा खेळही त्या यादीत येतो. पण सू छिनला खेळाविषयी काही सांगायचे नाही. इतक्या संपन्न राज्याने छिन राज्यापुढे मान तुकवू नये, एवढेच त्याला राजाच्या गळी उतरवायचे आहे.

हान काळात हाच खेळ दोन परस्परविरोधी रूपांत दिसतो. ‘हानशू’ या इतिहासग्रंथातील ग्रंथसूचीत त्सुज्यूवरील २५ प्रकरणांचा एक ग्रंथ युद्धकौशल्याच्या विभागात नोंदलेला आहे. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. उलट सीमेवर सैनिक उपाशी असताना सेनापती हुओ छ्यूबिंग चेंडू खेळण्यात रमला होता, असा ठपका इतिहासकार सिमा छ्येन याने ठेवला आहे. एका लेखणीला जे सैनिकी शिक्षण वाटले, तेच दुसरीला बेफिकिरीचे लक्षण वाटले.

तांग काळात केसांनी ठासून भरलेल्या चेंडूची जागा हवेच्या चेंडूने घेतली. सोंग काळात मैदानाच्या मध्यभागी उंच उभारलेल्या एकाच गोलातील छिद्रातून चेंडू पार करण्याचा प्रकार रूढ झाला, आणि शहरांतून खेळाडूंचे संघ स्थापन झाले. याच काळातल्या एका माणसाने या खेळाला कायमची अपकीर्ती मिळवून दिली. त्याचे नाव गाओ छ्यू.

गाओ छ्यू ही ऐतिहासिक व्यक्ती होती. ११२६ मध्ये तो मरण पावला. १२ व्या शतकातील वांग मिंगछिंग याच्या टिपणसंग्रहानुसार तो आधी कवी सू श याच्या पदरी लेखनिक होता. पुढे एक वस्तू पोचवण्यासाठी तो एका राजपुत्राकडे गेला, तिथे त्याचे चेंडूवरील प्रभुत्व राजपुत्राच्या नजरेत भरले, आणि तोच राजपुत्र पुढे ह्वेइझोंग सम्राट झाला. ‘श्वेइहू च्वान’ या कादंबरीने ही कथा उचलली, पण लेखनिकाचा उनाड भटक्या केला. चेंडूच्या जोरावर सेनापतिपदापर्यंत चढलेला हा माणूस सज्जनांना देशोधडीला लावतो आणि त्यातून बंडखोर जन्माला येतात. कादंबरीत १०८ वीरांच्या आधी गाओ छ्यू अवतरतो; अराजक वरून सुरू होते असा याचा अर्थ १७ व्या शतकातील टीकाकार जिन शंगथान याने लावला. कादंबरीचा रोख भ्रष्ट दरबारावर होता, हे उघड आहे. पण वाचकांच्या मनात दरबाराबरोबर चेंडूही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

राजसत्तेचा संशय तर याहून प्रखर होता. १३८९ मध्ये मिंग वंशाचा संस्थापक झू युआनझांग याने चेंडू खेळणाऱ्या सैनिकांचे पाय तोडण्याचे फर्मान काढले. तरीही पुढच्याच शतकात त्याच्या वंशातला श्वेनझोंग सम्राट हा खेळ पाहत बसलेला चित्रात दिसतो! खेळ फर्मानाने मेला नाही. छिंग काळात तो हळूहळू विझत गेला.

२००४ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने लिन्झला या खेळाचे उगमस्थान म्हणून मान्यता दिली, आणि २००६ मध्ये चीनने त्सुज्यूला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हा गौरव आनंदाचाच आहे. पण त्यातही जुनीच रीत दिसते : सू छिनने चेंडूतून राज्याचे वैभव सिद्ध केले, आज त्यातून राष्ट्राचे प्राचीनत्व सिद्ध होते. सिमा छ्येनच्या त्या उपाशी सैनिकांना खेळताना काय वाटले असेल, हे मात्र कोणत्याच पानावर लिहिलेले नाही. साहित्याला इतिहासाचे साधन मानणाऱ्या आपण अभ्यासकांनी ही रिकामी जागाही वाचायला शिकले पाहिजे.