रुंदी, वेग आणि ओझं : दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना

(येडशी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ग्राफिक्स कार्डावर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण तुलना कशी करावी, हा आमचाच प्रश्न आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. खोक्यावर छापलेले आकडे म्हणजे शब्द. तो प्रमाण मानायचा तर सांगणारा जाणकार हवा, आणि खरं तेच सांगायची त्याची इच्छाही हवी. विकणाऱ्याच्या बाबतीत पहिली अट बहुधा पुरी होते, दुसरीबद्दल सावध राहावं लागतं. सोयाबीनच्या पट्टीतून मुलाला कॉम्प्युटर घेऊन देणाऱ्या घराला ही सावधगिरी महत्त्वाची आहे.

सुरुवात आपल्या रुळांपासून करू. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पुढे ही लाईन येडशीवरून लातूरपर्यंत गेली. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचं म्हणणं असं की गाडी किती ओझं नेते, हे केवळ रुळांच्या अंतरावर ठरत नाही, ओझं किती आसांवर वाटलं जातं यावर ठरतं. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, आस वाढवायचे. हलक्या रुळांवरून भरपूर माल गेला. आता तिथे १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज आहे. पण अरुंद म्हणजे दुबळं, हे समीकरण कॅलथ्रॉपने इथेच खोटं ठरवलं होतं.

ओझं वाटून घेण्याची हीच युक्ती पुढे संगणकात आली. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यात अडथळे आणले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. नेतृत्व डॉ. विजय भटकर यांचं, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१ साली त्यांनी परम ८००० तयार केला. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक लहान चिप्स एकत्र जोडून काम वाटून दिलं.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच आहे. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी काढायचे असतात, म्हणून पुष्कळ हात लागतात. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला. त्यात ३२ मेगाबाईट मेमरी होती, आणि मेमरीकडे जाणारा रस्ता १२८ बिटांचा, म्हणजे १२८ पदरी.

आता २०२३ सालचं आरटीएक्स ४०६० घ्या. मेमरी ८ गिगाबाईट, म्हणजे २५६ पट. आणि रस्ता? तोही १२८ पदरीच! चोवीस वर्षांत रुंदी तीच. पण १९९९ साली एका पदरावरून सेकंदाला सुमारे १६ कोटी ६० लाख बिट जात, आता १,७०० कोटी जातात. म्हणून एकूण वाहतूक सेकंदाला २.७ गिगाबाईटवरून २७२ गिगाबाईटवर गेली. रस्ता तोच, वाहतूक शंभर पट. नुसती रुंदी पाहून कुणी निकाल दिला, तर काय होईल ते बघा.

याहून गमतीची तुलना दोनच वर्षांच्या अंतराची आहे. २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४ कोअर, १२ गिगाबाईट मेमरी, १९२ बिटांचा रस्ता आणि ३६० गिगाबाईटची वाहतूक. नव्या ४०६० मध्ये कोअर ३,०७२, मेमरी ८ गिगाबाईट. कागदावर नवं कार्ड सगळीकडे कमी! तरीही बहुतेक खेळांत तेच पुढे जातं. का? एक तर त्याची घड्याळगती १,७७७ मेगाहर्ट्‌झवरून २,४६० वर गेली. दुसरं, चिपच्या आतला साठा, ज्याला कॅश म्हणतात, तो ३ मेगाबाईटवरून २४ झाला. घरात कणगी भरलेली असली की रोज बाजाराला जावं लागत नाही, मग बाजाराचा रस्ता अरुंद असला तरी अडत नाही.

पण कणगीत न मावणारं ओझं आलं तर? एखादं भाषेचं प्रारूप घरच्या संगणकावर चालवायचं आहे आणि त्याला दहा गिगाबाईट जागा लागते. १२ गिगाबाईटचं जुनं कार्ड ते सामावून घेतं, ८ गिगाबाईटचं नवं घेत नाही. इथे जुनंच सरस. विजेचं पाहिलं तर पारडं पुन्हा फिरतं : जुन्याला १७० वॅट, नव्याला ११५. पूर्ण भारावर रोज तीन तास चालवलं तर महिन्याला सुमारे पाच युनिटचा फरक. इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्या गावाला हा आकडा कळतो. आणखी एक बारकावा. ४०६० मदरबोर्डशी आठच पदरांनी जोडलं जातं, ३०६० सोळा पदरांनी. जुन्या मदरबोर्डवर ते आठ पदर कधी कधी तोकडे पडतात. नव्या कार्डांच्या जाहिरातीत वेगाचे जे तक्ते असतात, त्यांत कधी कधी कार्डाने दोन चित्रांच्या मध्ये अंदाजाने भरलेली चित्रंही मोजलेली असतात. मोजलेलं काय आणि भरलेलं काय, हे विचारायला हवं.

कुणी म्हणेल, खेळण्याच्या वस्तूचा एवढा कीस कशाला? कारण ती आता खेळण्याची राहिलेली नाही. २००६ सालच्या जीफोर्स ८८०० जीटीएक्समध्ये सारखे १२८ प्रोसेसर होते. ते चित्राशिवाय इतर गणितालाही लावता येऊ लागले, आणि इतिहासाला वळण मिळालं. सी-डॅकचा परम सिद्धी हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला, तो ए१०० या ग्राफिक्स घराण्यातल्या चिप्सवर. या चिपला ६,९१२ कोअर आहेत, पण पडदा जोडायला एकही जागा नाही! ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने अशा चिप्स चीनला विकण्यावर निर्बंध घातले. क्रेच्या वेळी आपण जे भोगलं, तेच आता या चिपांच्या बाबतीत दुसऱ्याच्या वाट्याला आलं. आणि परम ८००० चे ट्रान्सप्युटर परदेशी होते, तशा परम सिद्धीच्या चिप्सही परदेशीच आहेत. जोडणी आपली, चिप दुसऱ्याची. ही उणीव अजून भरून निघायची आहे.

तेव्हा मुलांनो, ‘चांगलं कोणतं?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या कामाला चांगलं?’ असं विचारा. आधी आपलं ओझं मोजा, मग आकडे वाचा, आणि शक्य असेल तर आपलं काम त्या कार्डावर चालवून डोळ्यांनी पाहा. शब्दाला प्रत्यक्षाची जोड मिळाली की फसगत कमी होते. रुंद रूळ पाहून भुलायचं नाही आणि अरुंद पाहून नाकं मुरडायची नाहीत, एवढं येडशीच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको.