चालणं आणि चालवणं

१९६९च्या सुमारास बेलग्रेडच्या मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच पांगळ्या माणसांसाठी हवेच्या दाबावर चालणारे बाह्यसांगाडे बनवू लागले. पुढे झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात लोकोमॅट घडला. रुग्ण पट्ट्यांनी वर तोललेला, खाली ट्रेडमिल आणि मोटारी त्याचे खुबे नि गुडघे हलवणार. पाऊल अगदी बिनचूक!

गंमत पुढे आहे. २००८ साली अमेरिकेत हॉर्नबी आणि सहकाऱ्यांना दिसलं, की पक्षाघातानंतर थोडंफार चालू शकणाऱ्यांना यंत्रापेक्षा थेरपिस्टच्या हातांचा फायदा जास्त. का? यंत्र चालवत राहिलं तर रुग्ण नुसता उतारू होतो. थेरपिस्ट अडलं तरच हात लावतो. पाऊल चुकू देतो. मराठीत चालणं आणि चालवणं ही दोन क्रियापदं आहेत, ती काय उगीच? नंतरची पुष्कळ यंत्रंही म्हणून लागेल तेवढाच टेकू देऊ लागली.

पण ज्यांना मुळी चालताच येत नाही, त्यांना पहिल्या तीन महिन्यांत फिजिओथेरपीच्या जोडीनं यंत्राचा उपयोग होतो, हेही खरं.

आमच्या थोरल्या बंधूंच्या वेळी असं यंत्र नव्हतं. थेरपिस्ट बाईंनी हात काढला की ते चिडायचे. आणि चिडतचिडतच एक दिवस जिन्यापर्यंत गेले.