दुबळ्या क्रियापदांची गोष्ट

जर्मन शिकायला लागलं की पहिला महिना मजेत जातो. 'लेर्नेन' म्हणजे शिकणे. शेवटचा 'एन' काढा आणि प्रत्यय लावा: इश लेर्ने, डू लेर्न्स्ट, एर लेर्न्ट. भूतकाळ हवाय? 'टे' जोडा: इश लेर्न्टे. संपलं! एकदा फंक्शन लिहिलं की हजारो क्रियापदं त्यातून जातात. मग 'झिंगेन'चं (गाणे) 'झांग' होतं आणि पाठांतर सुरू.

गंमत म्हणजे या गुणी, नियमित क्रियापदांना जर्मन व्याकरणात चक्क 'दुबळी' म्हणतात. हे बारसं केलं याकोब ग्रिमने. हो, हिमगौरीची गोष्ट छापणाऱ्या दोघा भावांतला थोरला तोच. १८१९ साली त्याच्या 'जर्मन व्याकरणा'चा पहिला खंड आला. 'झिंगेन' आपल्या पोटातला स्वर बदलून भूतकाळ दाखवतं, म्हणून सशक्त. 'लेर्नेन'ला बाहेरून 'टे'ची कुबडी लागते, म्हणून दुबळं.

पण ही कुबडी आली कुठून? त्याचा माग गॉथिकमध्ये लागतो. ही जर्मनची आजी नव्हे, चुलत आजी. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. गॉथिकमध्ये 'मी वाचवलं' म्हणजे 'नसिदा', पण 'आम्ही वाचवलं' म्हणजे 'नसिदेदुम'. त्या लांबलचक शेपटीत बहुतेक अभ्यासकांना 'करणे' या क्रियापदाचा भूतकाळ दिसतो. जर्मनमधलं 'टून', इंग्रजीतलं 'डिड', त्याच घरातलं.

म्हणजे 'लेर्न्टे'तला 'टे' हा मुळात आपला 'केलं'च की! आपण सहसा 'डाउनलोड केलं', 'फॉरवर्ड केलं' म्हणतो. परका शब्द आला की 'करणे' मदतीला धावतं. आपलं 'केलं' अजून सुटं आहे, त्यांचं वुल्फिलाच्याही आधी शब्दाला चिकटून झिजलं, एवढाच फरक.

आणि दुबळं कोण? 'गूगेल्न' २००४ साली डुडेन शब्दकोशात आलं, ते 'गूगेल्टे' होऊनच. 'बाकेन'चं (भाजणे) जुनं सशक्त 'बूक' मागे पडलं, आता लोक 'बाक्टे' म्हणतात. सशक्तांच्या क्लबात नव्यांना सहसा प्रवेश नाही, दुबळ्यांचं दार मात्र सताड उघडं. भाषा जगते ती या दारामुळे.

तेव्हा पुढचा तक्ता घोकताना 'टे'ला जरा मान द्या. त्याने फार काम केलंय.